अदृश्य लहरींचे शोधक : हाइनरिक हर्ट्झ

रेडिओ लावला म्हणजे निवेदक आपल्या केंद्राचें नांव सांगतो आणि त्याबरोबरच अमुक किलोहर्ट्झ किंवा अमुक मेगाहर्ट्झ असा एक आंकडाहि सांगतो. संगणकाच्या दुकानांत गेलें तर तेथें गिगाहर्ट्झ हा शब्द कानीं पडतो. आपल्या घरांत येणारी वीज ५० हर्ट्झची असते, असें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आपण वाचतों. हा शब्द इतक्या वेळां कानांवरून जातो कीं, तें एका मनुष्याचें आडनांव आहे ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांतहि येत नाहीं. ज्यांचें तें आडनांव, ते वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं हें जग सोडून गेले. त्यांच्या हयातींत रेडिओ नव्हता, बिनतारी तारायंत्र नव्हतें. आणि आपल्या शोधांतून असें कांहीं निघेल अशी त्यांची स्वतःचीहि अपेक्षा नव्हती. तरी आज समुद्रावरील जहाज, आकाशांतील विमान आणि आपल्या खिशांतील मोबाइल ह्या सर्वांचें दळणवळण त्यांनीं प्रथम दाखवून दिलेल्या लहरींवरच चाललें आहे. त्या हाइनरिक हर्ट्झ ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जर्मनीच्या उत्तरेस एल्ब नदीच्या कांठीं हँबुर्ग नांवाचें मोठें बंदर आहे. तेथें ता. २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं हाइनरिकचा जन्म झाला. वडील गुस्ताव्ह हर्ट्झ हे वकील होते व पुढें ते त्या शहराच्या सिनेटचे सभासद झाले. पांच भावंडांत हाइनरिक सर्वांत वडील. घरीं विद्येचें वातावरण होतें आणि मुलगाहि तसाच चौकस होता. भाषांची त्याला विलक्षण आवड. ग्रीक व लॅटिन तर त्या काळीं सर्वच हुषार मुलांना शिकावें लागे. परंतु हाइनरिकनें शाळेंत असतांनाच अरबी भाषेचाहि अभ्यास आरंभिला.

एवढ्यावरून तो पुस्तकांत डोकें खुपसून बसणारा मुलगा होता असें कोणी समजूं नये. रविवारीं तो उद्योगशाळेंत जाऊन यंत्रांचीं चित्रें काढावयास शिके. घरीं त्याच्यापाशीं सुतारकामाचीं हत्यारें होतीं, लांकूड व धातु कातण्याचें यंत्र होतें, आणि त्यांवर तो स्वतःच्या प्रयोगांची उपकरणें स्वतःच तयार करी. पुढें तो प्रोफेसर झाल्याची वार्ता जेव्हां त्याला कातकाम शिकविणाऱ्या कारागिराच्या कानीं गेली, तेव्हां एक उत्तम कातारी वायां गेला म्हणून त्या बिचाऱ्याला हळहळ वाटली, असें सांगतात. ही गोष्ट ऐकून हंसूं येतें खरें. परंतु तो कारागीर अगदींच चुकला होता असें नाहीं. ज्या प्रयोगांनीं हर्ट्झ ह्यांचें नांव अमर झालें, ते प्रयोग बुद्धीइतकेच त्या कुशल हातांचेहि होते.

शालेय शिक्षण १८७५ सालीं संपल्यावर हाइनरिकनें इंजिनियर व्हावें असें ठरलें. फ्रांकफुर्ट येथें त्यानें एक वर्ष प्रत्यक्ष बांधकामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेन येथें कांहीं काळ अध्ययन केलें, एक वर्ष सक्तीची लष्करी नोकरी केली, आणि १८७७ सालीं पुढील शिक्षणासाठीं तो म्यूनिक येथें आला. येथें त्याच्या आयुष्यांतील पहिला कसोटीचा प्रसंग उभा राहिला. इंजिनियरिंगच्या वर्गांत नांव घालण्याची वेळ आली, तेव्हां आपलें मन पूल आणि इमारती ह्यांपेक्षां निसर्गाच्या नियमांतच अधिक रमतें हें त्याला स्पष्ट दिसूं लागलें. एकीकडे ठरलेला धंदा, निश्चित उत्पन्न आणि समाजांत मान. दुसरीकडे कित्येक वर्षांचें अध्ययन, वडिलांवर पडणारा खर्चाचा भार, आणि इतकें करूनहि यश मिळेलच अशी हमी नाहीं. शिवाय आतांपर्यंत घालविलेलीं दोन वर्षें फुकट गेल्यासारखींच होतीं.

वीस वर्षांच्या ह्या तरुणानें नोव्हेंबर १८७७ मध्यें आईबापांस एक विस्तृत पत्र लिहिलें. त्यानें हट्ट धरला नाहीं, कीं परस्पर निर्णय करून मागाहून कळविलेंहि नाहीं. आपल्या मनांतील ओढ, पुढील अडचणी आणि स्वतःविषयींच्या शंका ह्या सर्व त्यानें मोकळेपणानें मांडल्या आणि वडिलांची अनुज्ञा मागितली. वडील व्यवहारी गृहस्थ होते. मुलगा मार्ग बदलतो म्हणून ते रागावते तर त्यांत नवल नव्हतें. परंतु त्यांनीं संमति दिली. त्या एका होकारानें जगाचें केवढें कल्याण केलें, ह्याची त्यांना त्या वेळीं कल्पना तरी कशी असणार !

एक वर्ष म्यूनिक येथें गणिताचा पाया पक्का करून हाइनरिक १८७८ सालीं बर्लिन येथें गेला. तेथें हेल्महोल्ट्झ नांवाचे त्या काळचे अग्रगण्य शास्त्रज्ञ शिकवीत होते. ह्या नव्या विद्यार्थ्याची योग्यता गुरूच्या नजरेस भरण्यास वेळ लागला नाहीं. विद्यापीठानें विद्युत्प्रवाहासंबंधीं एक बक्षिसाचा प्रश्न लावला होता; तो हाइनरिकनें वर्षभराच्या आंतच सोडवून सुवर्णपदक मिळविलें. लगेच गुरूंनीं त्याच्यापुढें दुसरा, फार मोठा प्रश्न ठेवला. बर्लिनच्या शास्त्रीय अकादमीनें १८७९ सालीं जाहीर केलेला हा प्रश्न समजण्यासाठीं आपणांस क्षणभर इंग्लंडकडे वळलें पाहिजे.

क्लार्क मॅक्सवेल नांवाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत केवळ गणिताच्या बळावर एक आश्चर्यकारक सिद्धांत मांडला होता. तळ्यांत खडा टाकला म्हणजे जशा लाटा चोहोंकडे पसरतात, त्याप्रमाणें विद्युत् व चुंबक ह्यांच्या शक्तींतील हालचालहि लहरींच्या रूपानें अवकाशांतून पसरत गेली पाहिजे. त्या लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर, असला पाहिजे. आणि आपण ज्याला प्रकाश म्हणतों तोहि ह्याच जातीच्या लहरींचा एक प्रकार असला पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. जर्मनींतील बहुतेक विद्वान् हें मानीत नसत. त्यांच्या मतें विद्युत्-शक्ति एका जागेवरून दुसऱ्या जागेवर एकदम परिणाम करी. मधल्या अवकाशाला त्यांत कांहीं काम नव्हतें. कोणाचें खरें, हें प्रयोगानें ठरविणें अवश्य होतें, आणि अकादमीचा प्रश्न त्याच दिशेचा होता. हाइनरिकनें त्यावर विचार केला, हिशेब मांडून पाहिले, आणि उपलब्ध साधनांनीं इतकीं जलद विद्युत्-आंदोलनें निर्माण करतां येणार नाहींत असें दिसून आल्यावर तो प्रश्न घेण्याचें नाकारलें. मोठ्या बक्षिसाच्या मोहानें अर्धवट काम हातीं घ्यावयाचें नाहीं, ही त्याची वृत्ति होती. तो प्रश्न मात्र त्याच्या मनांतून कधींच गेला नाहीं. त्याच १८७९ सालीं मॅक्सवेल मरण पावला. आपला सिद्धांत खरा ठरलेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

हाइनरिकला १८८० सालीं डॉक्टर ही पदवी मिळाली. तीन वर्षें गुरूंचा साहाय्यक म्हणून काम केल्यावर त्यांनीं, म्हणजे डॉक्टर हर्ट्झ ह्यांनीं, १८८३ सालीं कील येथें अध्यापकाची जागा पत्करली. तेथें प्रयोगाचीं साधनें तुटपुंजीं होतीं, म्हणून त्यांनीं तो काळ मॅक्सवेलच्या गणिताचें मनन करण्यांत घालविला. त्यानंतर १८८५ सालीं कार्ल्सरुहे येथील तांत्रिक विद्यालयांत त्यांची प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. पुढील वर्षीं तेथीलच एका सहकारी अध्यापकांच्या कन्येशीं, एलिझाबेथ डोल ह्यांच्याशीं, त्यांचा विवाह झाला. आणि त्याच शरद् ऋतूंत ती सुप्रसिद्ध ठिणगी त्यांच्या दृष्टीस पडली.

प्रसंग अगदीं साधा होता. विद्यालयाच्या संग्रहांत विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठीं ठेवलेलीं तारेचीं दोन वेटोळीं होतीं. त्यांपैकीं एकांतून विद्युत्-भार मोकळा होतांना ठिणगी पडे. हर्ट्झ ह्यांना असें आढळलें कीं, त्याच वेळीं जवळच्या, मुळींच न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्याच्या फटींतहि एक बारीकशी ठिणगी चमकून जाते. अशा ठिणग्या पूर्वींहि कोणी कोणी पाहिल्या असतील. पाहून सोडूनहि दिल्या असतील. परंतु हर्ट्झ ह्यांच्या मनांत सात वर्षें तो जुना प्रश्न घर करून बसला होता. ह्या ठिणगीचा अर्थ त्यांनीं तत्काळ ओळखला. सेकंदास कोट्यवधि वेळां होणारीं जीं आंदोलनें निर्माण करण्याचा मार्ग पूर्वीं सांपडत नव्हता, तीं ह्या ठिणगींतच होत होतीं.

आतां त्यांनीं स्वतःच्या हातानें उपकरणें रचण्यास आरंभ केला. तांब्याच्या दोन तारा एका सरळ रेषेंत ठेवून त्यांच्या बाहेरच्या टोकांस जस्ताचे मोठे पोकळ गोळे बसविले आणि आंतील टोकांमध्यें लहानशी फट ठेवली. प्रवर्तनाच्या यंत्रानें ह्या फटींत ठिणग्या पाडल्या म्हणजे तारांमध्यें विजेचीं आंदोलनें सुरू होत. हें झालें लहरी सोडण्याचें यंत्र. लहरी ओळखण्याचें यंत्र तर त्याहून साधें : तारेचें एक वेटोळें आणि स्क्रूनें कमीजास्त करतां येईल अशी एक सूक्ष्म फट. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीनें झोके दिले म्हणजे थोड्या जोरानेंहि तो उंच जातो. त्याचप्रमाणें वेटोळ्याचें माप पहिल्या यंत्राच्या आंदोलनांशीं जुळलें म्हणजे दूर अंतरावरहि त्याच्या फटींत ठिणगी पडे. ही ठिणगी मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागाएवढीच असे, आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत नाहींशी होई. ती दिसावी म्हणून खोलींत काळोख करून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून, वेटोळें डोळ्यांजवळ धरून तासन् तास पाहत बसावें लागे.

ह्या कामाच्या आरंभींच एक विघ्न आलें. ठिणगी स्पष्ट दिसावी म्हणून हर्ट्झ ह्यांनीं वेटोळ्याची फट एका काळ्या पेटींत झांकली, तों ठिणगी अधिक स्पष्ट होण्याऐवजीं आंखूड झाली. दुसरा एखादा पेटी बाजूस ठेवून पुढें चालता. हर्ट्झ ह्यांनीं मुख्य काम बाजूस ठेवलें आणि ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीच्या शोधार्थ कित्येक महिने खर्च केले. दोन ठिणग्यांच्या मध्यें त्यांनीं नाना पदार्थ धरून पाहिले. कांच मध्यें धरली तर ठिणगी आंखूड होई, स्फटिक धरला तर होत नसे. ह्यावरून पहिल्या ठिणगींतून निघणारे, जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य प्रकाशकिरण दुसरीला साहाय्य करतात असें सिद्ध झालें. हें फल त्यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें कारण काय असावें ह्याविषयीं मात्र तर्क लढविला नाहीं, कारण तें त्यांना ठाऊक नव्हतें. ह्याच परिणामाचा उलगडा पुढें १९०५ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनीं केला, आणि १९२१ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः त्याबद्दल मिळालें. वाटेंत पायाला लागलेला खडा उचलून पाहावा आणि तो हिरा निघावा, तसें हें झालें.

त्यानंतर हर्ट्झ पुन्हां मूळ प्रश्नाकडे वळले. बर्लिनच्या अकादमीचा तो जुना प्रश्न त्यांनीं नोव्हेंबर १८८७ मध्यें सोडवून त्याचा निबंध आपल्या गुरूंकडे पाठविला. पुढें व्याख्यानाच्या मोठ्या दालनांत त्यांनीं भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला व दुसऱ्या बाजूस ठिणगीचें यंत्र ठेवलें. लहरी खरोखर असतील तर त्या पत्र्यावर आपटून परत फिरतील आणि जाणाऱ्या व येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून कांहीं ठिकाणीं जोर दुप्पट होईल, तर कांहीं ठिकाणीं मुळींच राहणार नाहीं. दोरीचें एक टोक खुंटीला बांधून दुसरें हलविलें असतां दोरीचे कांहीं भाग जोरानें हालतात आणि मधले कांहीं बिंदु स्थिर दिसतात, तसाच हा प्रकार. हर्ट्झ वेटोळें हातांत घेऊन दालनांत पुढें मागें फिरले. आणि खरोखरच ठिणगी ठराविक अंतरावर प्रखर होई, ठराविक अंतरावर नाहींशी होई. लहरींची लांबी मोजतां आली. लांबीवरून आणि आंदोलनांच्या संख्येवरून वेग काढतां आला. मॅक्सवेलच्या कागदावरील लहरी प्रत्यक्ष सांपडल्या.

तरीहि त्या प्रकाशाच्याच जातीच्या आहेत हें दाखविणें उरलें होतें. त्यासाठीं त्यांनीं सुमारें ६६ सेंटीमीटर लांबीच्या आंखूड लहरी निर्माण केल्या आणि जस्ताचे पत्रे वांकवून दोन मीटर उंचीचे दोन अंतर्वक्र आरसे बनविले. एका आरशानें लहरींचा झोत सोडावा, दुसऱ्यानें तो झेलावा. झोत सरळ रेषेंत जात होता. मध्यें मनुष्य उभा राहिला कीं ठिणगी बंद होई. लांकडी दारांतून मात्र झोत आरपार जाई. पत्र्यावर पडला म्हणजे तो प्रकाशाच्याच नियमानें परावर्तन पावे. कांचेच्या लोलकांतून प्रकाश वळतो, तर ह्या लहरीहि वळतील का ? त्यासाठीं त्यांनीं पांचशें किलोंहून अधिक वजनाचा घट्ट डांबराचा एक प्रचंड लोलक ओतविला. आणि लहरी त्यांतूनहि वळल्या. एका चौकटीवर समांतर तारा ताणून ती झोतांत आडवी धरली तर लहरी पार जात, आणि काटकोनांत फिरविली तर अडत. ही परीक्षाहि पार पडली. डिसेंबर १८८८ मध्यें हे प्रयोग बर्लिनच्या अकादमीपुढें मांडले गेले, आणि तेथून पुढें मॅक्सवेलच्या सिद्धांताविषयीं वाद उरला नाहीं. त्या वेळीं हर्ट्झ ह्यांचें वय ३१ वर्षांचें होतें.

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या यशाचें वर्णन भरपूर असतें. त्यांच्या चुकांविषयीं फारसें लिहीत नाहींत. हर्ट्झ ह्यांच्याहि हातून चुका झाल्या. विजेच्या लहरी तारेंतून जातांना हवेंतल्यापेक्षां कमी वेगानें जातात असें त्यांच्या पहिल्या मोजणींत आलें होतें. तें बरोबर नव्हतें. दालनाच्या भिंती व इतर वस्तू ह्यांच्यामुळें मोजणींत बिघाड होत होता. आंदोलनांच्या हिशेबांतहि त्यांची एक चूक झाली होती, ती फ्रान्सचे गणिती प्वांकारे ह्यांनीं दाखवून दिली. हर्ट्झ ह्यांनीं १८९२ सालीं आपले निबंध एकत्र करून ग्रंथरूपानें छापले, तेव्हां ते जुने निबंध गुपचूप दुरुस्त करणें त्यांना सहज शक्य होतें. परंतु ते जसेच्या तसे ठेवून कोठें काय चुकलें तें त्यांनीं वाचकांना स्वतःच सांगितलें. पुढील वर्षीं जिनीव्हा येथील दोन शास्त्रज्ञांनीं अधिक मोठ्या दालनांत प्रयोग करून दोन्ही वेग सारखेच असल्याचें दाखविलें. त्यापूर्वीं बर्लिन येथें असतांना निर्वात नळींतील ऋण-किरणांवर विद्युत्-भार नसतो असा निष्कर्षहि त्यांनीं काढला होता. तो १८९७ सालीं जे. जे. टॉमसन ह्यांच्या प्रयोगांनीं खोटा ठरला. नळींतील हवा पुरेशी काढली गेली नव्हती, हें त्या चुकीचें कारण. इतक्या सावध मनुष्यालाहि साधनांच्या उणीवेमुळें फसावें लागलें, हें वाचून प्रयोगशाळेंत निराश झालेल्या विद्यार्थ्यांस धीर यावा.

आतां एक प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. ज्यानें ह्या लहरी प्रथम निर्माण केल्या, त्याला त्यांच्यावरून संदेश पाठवावे असें कां सुचलें नाहीं ? म्यूनिकच्या एका इंजिनियरनें १८८९ सालीं पत्र लिहून त्यांना जवळ जवळ हेंच विचारलें होतें : ह्या लहरींच्या योगें टेलिफोनचें बोलणें तारेवांचून पाठवितां येईल काय ? हर्ट्झ ह्यांनीं उत्तर दिलें कीं, टेलिफोनमधील आंदोलनें इतकीं सावकाश असतात कीं त्यांच्या लहरी शेंकडो किलोमीटर लांबीच्या होतील आणि त्यांना एकवटण्यास एखाद्या खंडाएवढा आरसा लागेल. त्यांचा हिशेब बरोबर होता. जलद लहरींच्या पाठीवर सावकाश आवाज बसवून पाठविण्याची युक्ति मात्र पुढच्या पिढीला सुचावयाची होती. हर्ट्झ ह्यांचें लक्ष तिकडे नव्हतें. निसर्ग खरोखर कसा आहे, एवढेंच त्यांना जाणावयाचें होतें.

कीर्ति मात्र त्यांच्याकडे चालत आली. अनेक ठिकाणांहून बोलावणीं आलीं; त्यांतून त्यांनीं बॉन येथील विद्यापीठ पसंत केलें आणि १८८९ सालीं ते तेथें गेले. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८९० सालीं त्यांना रमफर्ड पदक अर्पण केलें व तें स्वीकारण्यास ते स्वतः इंग्लंडला गेले. घरीं योहाना व माटिल्डे ह्या दोन लहान मुली होत्या. सर्व कांहीं सुखाचें चाललें असतां १८९२ सालीं दुखणें आलें. नाक, कान व जबडा ह्यांच्या वेदनांनीं ते हैराण झाले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. परंतु गुण आला नाहीं. अशा स्थितींतहि ते यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आपला ग्रंथ लिहीत राहिले. तो छापून झालेला पाहणें मात्र त्यांना लाभलें नाहीं. ता. १ जानेवारी १८९४ रोजीं, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याचें दुःखद कर्तव्य वृद्ध गुरु हेल्महोल्ट्झ ह्यांच्यावर आलें; आणि त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें तेहि निवर्तले.

हर्ट्झ गेले, परंतु त्यांनीं लावलेला दिवा विझला नाहीं. त्याच वर्षीं जूनमध्यें लंडन येथें ऑलिव्हर लॉज ह्यांनीं हर्ट्झ ह्यांच्या कार्यावर सप्रयोग व्याख्यान दिलें. तें व्याख्यान छापून निघाल्यावर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्रोफेसर जगदीशचंद्र बोस ह्यांच्या वाचनांत आलें. आणि अपुऱ्या साधनांनिशीं काम करून त्यांनीं अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या व भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. इटलींत मार्कोनी नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणानें हर्ट्झ ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या प्रयोगांचें वर्णन वाचलें आणि त्यांतून त्याला संदेशवहनाची कल्पना सुचली. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं त्यानें अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत न्यूफाउंडलंड येथें ऐकला. १९१२ सालच्या एप्रिलमध्यें टायटॅनिक जहाज बुडालें, तेव्हां सुमारें ७०० माणसें वांचलीं, तीं बिनतारी हांक ऐकून दुसरें जहाज धांवून आलें म्हणून. ज्यांना संदेश पाठविण्याची कल्पनाहि नव्हती, त्या हर्ट्झ ह्यांच्या अंधाऱ्या खोलींतील ठिणगीचे ते ऋणी होते.

आपल्या मुंबई शहरांत ता. २३ जुलै १९२७ रोजीं नियमित नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, तेंहि ह्याच लहरींवर. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद ह्या गांवीं ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्यांची एक दुर्बीण उभारलेली आहे. अतिदूरच्या तारकासमूहांतून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. आकाशाकडे वळलेल्या त्या जाळीदार तबकड्या म्हणजे कार्ल्सरुहे येथील जस्ताच्या वांकविलेल्या आरशाचेंच वाढलेलें रूप होय.

हर्ट्झ ह्यांच्या वडिलांचें घराणें मूळचें ज्यू होतें. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत ज्यू लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हां ज्या पुरुषानें त्या देशाचें नांव उज्ज्वळ केलें होतें, त्याच्या वृद्ध पत्नीला व दोन्ही मुलींना देश सोडून इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें आश्रय घ्यावा लागला. परंतु ज्ञानाला घातलेलें कुंपण टिकत नसतें. एका सेकंदांतील एका आंदोलनास हर्ट्झ म्हणावें असें आंतरराष्ट्रीय विद्युत्-मंडळानें १९३० सालींच ठरविलें होतें; १९६० सालीं तें सर्व राष्ट्रांच्या मापनपरिषदेनेंहि मान्य केलें. आज सर्व देशांत तेंच नांव उच्चारलें जातें.

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या विषयाचा अभ्यास करतांना ह्याचा पुढें उपयोग काय, असें आपण वारंवार विचारतों, आणि आपले पालकहि विचारतात. प्रश्न वावगा नाहीं; पोट सर्वांनाच आहे. परंतु त्याचें उत्तर प्रत्येक वेळीं आधीं मिळतेंच असें नाहीं. हाइनरिकच्या वडिलांनीं तें उत्तर मिळण्याची वाट पाहिली नाहीं, आणि हर्ट्झ ह्यांनींहि पाहिली नाहीं. समोर जें दिसतें तें नीट पाहावें, न दिसलें तें दिसलें असें म्हणूं नये, आणि चुकलें तर चुकलें म्हणावें, एवढेंच व्रत त्यांनीं आपल्या अल्प आयुष्यांत पाळलें. पुन्हां केव्हां रेडिओवर मेगाहर्ट्झ हा शब्द कानीं पडेल, तेव्हां काळोख्या दालनांत तारेचें वेटोळें डोळ्यांजवळ धरून एका इवल्याशा ठिणगीची वाट पाहत बसलेल्या ह्या तरुण प्रोफेसरांची आठवण आपण क्षणभर करूं या.